वॉनस्टेडचा वाडा

मुंबईच्या जुन्या इतिहासात चाइल्ड हे आडनाव दोनदा भेटतं आणि हमखास घोटाळा करतं. एक सर जॉन चाइल्ड. हा सुरतेच्या वखारीचा मुख्य आणि मुंबईचा गव्हर्नर. तो मुंबईतच मेला. दुसरा सर जोसाया चाइल्ड. हा लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेसर्वा. त्याने हिंदुस्थानचा किनारा कधी डोळ्यांनी पाहिला नाही. जुन्या ग्रंथकारांनी दोघांना सख्खे भाऊ करून टाकलं आणि तेच पुढे शाळेच्या पुस्तकांपर्यंत उतरलं. दोघांचे बाप वेगळे होते हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून झालं, तरी भाऊपणा काही सुटत नाही. भरीस भर म्हणजे लंडनचा सराफ सर फ्रान्सिस चाइल्ड, ज्याची पेढी पुढे बँक म्हणून नावाजली, तो तिसराच. त्याचं घराणं वेगळं.

आपल्याला इथे हवा आहे तो जोसाया. मुंबईवर १६८९ साली जे संकट कोसळलं त्याचा धनी तो होताच, पण त्याच्या घराण्याची पुढची दीडशे वर्षं पाहिली की इंग्रज व्यापाऱ्याचा पैसा कसा मुरतो, कसा मिरवतो आणि कसा उडतो, हे एकाच वाड्याच्या दारात उभं राहून बघायला मिळतं.

जोसाया १६३० च्या सुमारास जन्मला. बाप रिचर्ड हा लंडनचा बेताचा व्यापारी. मुलगा पोर्ट्समथ बंदरात गेला आणि तिथे आरमाराला शिधा पुरवू लागला. इंग्लंडात तेव्हा राजा नव्हता, क्रॉमवेलची सत्ता होती, आणि आरमार एकामागून एक लढाया करत होतं. खलाशाला रोज बिअर लागे, बिस्किटं लागत, खारवलेलं मांस लागे. हे ज्याच्या हाती त्याच्या हाती पैसा. १६५८ साली जोसाया पोर्ट्समथचा मेयर होता. दोन वर्षांनी राजा परत आला; क्रॉमवेलच्या काळातला माणूस म्हणून याला नगरसभेतून काढलं. पण शिधा तर राजाच्या खलाशांनाही लागतोच. त्याने लंडनच्या साउथवर्कमध्ये बिअरची भट्टी घेतली आणि कंत्राटं पुन्हा मिळवली.

१६६८ साली त्याने व्यापार आणि व्याज यांवर एक छोटं पुस्तक छापलं. कायद्याने व्याजाचा दर चार टक्क्यांवर आणा, मग डच लोकांसारखे आपणही श्रीमंत होऊ, असा त्याचा मुद्दा. कर्ज काढून धंदा करणाऱ्याला स्वस्त व्याज हवंच असतं, हे विरोधकांनी लगेच सुनावलं. पण पुस्तक वाचलं गेलं, वाढवून पुन्हा छापलं गेलं, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासात जोसायाला आजही एखादं पान मिळतं. त्याच सुमाराला, १६७२ मध्ये, गुलामांचा व्यापार करणारी रॉयल आफ्रिकन कंपनी निघाली, तिच्या पहिल्या भागधारकांत तो होता. ही नोंद त्याच्या अर्थशास्त्राशेजारीच ठेवायला हवी.

१६७३ मध्ये त्याने लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलाच्या कडेला, वॉनस्टेडची जमीन आणि जुना वाडा विकत घेतला. हा वाडा एके काळी एलिझाबेथ राणीच्या लाडक्या लेस्टरच्या अर्लचा. पुढच्याच वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळात आला. १६७८ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणजे नावामागे ‘सर’ लागलं आणि ते वंशपरंपरेने मुलाला मिळणार होतं. १६८१ मध्ये तो कंपनीचा गव्हर्नर, मग डेप्युटी गव्हर्नर, मग पुन्हा गव्हर्नर झाला. पद कोणतंही असो, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत शब्द त्याचाच चाले.

या काळात कंपनीचे भाग कसे फुगले हे जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत दिसतं. १६८२ च्या डिसेंबरात या गृहस्थांनी आपले २५० पौंडांचे भाग ७५० पौंडांना विकले आणि फायदा उत्तम झाला म्हणून समाधानाने लिहून ठेवलं. तीनच महिन्यांनी, मार्च १६८३ मध्ये, तेच एव्हलिन वॉनस्टेडला गेले. जोसायाने ओसाड माळावर अक्रोडाची झाडं लावली आहेत, मैलोगणती तळी खणली आहेत, पाण्यासारखा पैसा ओतला आहे, हे पाहून त्यांनी नाक मुरडलं. एकाएकी पैसेवाले झालेले लोक असंच करतात, अशा अर्थाचा शेरा मारला. स्वतःचा तिप्पट झालेला पैसा त्यांना खटकला नव्हता.

एव्हलिनची खरी कळ दुसरीकडे होती. जोसायाची मुलगी रेबेका १६८२ मध्ये ब्युफोर्टच्या ड्यूकच्या थोरल्या मुलाला दिली होती, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे ५०,००० पौंड हुंडा रोख मोजला होता. बिअरच्या भट्टीवाल्याची मुलगी देशातल्या थोर सरदारघराण्यात गेली. रेबेकाचा मुलगा पुढे ब्युफोर्टचा दुसरा ड्यूक झाला. ब्युफोर्ट हे नाव लक्षात असू द्या. ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

घरात मात्र सगळं गोड नव्हतं. जोसायाची तिसरी बायको एमा ही निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस विलबी याची विधवा. १६७६ मध्ये ती पदरी मुलं घेऊन आली आणि सावत्र बापाच्या घरात ती मुलं कधी रमली नाहीत. विलबीच्या पैशाचा हिशेब जोसायाच्या हातात होता आणि तो सोडत नव्हता. थोरला मुलगा एकोणिसाव्या वर्षी वॉनस्टेड सोडून आपल्या बापाच्या नॉटिंगहॅमजवळच्या रिकाम्या पडलेल्या वाड्यात राहायला गेला, बहीण कॅसँड्राला सोबत घेऊन.

आता मुंबई. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळालेलं हे बेट त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. कंपनीला ते परवडेना. जोसायाच्या काटकसरीच्या हुकमांनी शिपायांचे पगार आणि सवलती कापल्या, तेव्हा १६८३ च्या अखेरीस कॅप्टन केग्विनने डेप्युटी गव्हर्नरला अटक करून मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली. जवळजवळ वर्षभर कंपनीला स्वतःच्या बेटावर पाऊल ठेवता आलं नाही. राजाचा हुकूम आला तेव्हाच केग्विनने मुंबई सोडली.

यातून जोसाया नरमाई शिकला नाही, उलट जबरदस्ती शिकला. नुसत्या वखारी ठेवून मोगल सुभेदारांच्या मर्जीवर किती दिवस जगायचं? डच लोकांनी जावात किल्ले बांधले, तोफा ठेवल्या, आणि १६८२ मध्ये इंग्रजांना बांतामहून हुसकून लावलं. मग आपणही महसूल गोळा करावा, फौज ठेवावी, इथे कायमचं आणि भक्कम राज्य उभारावं, असं तो १६८७ च्या पत्रांत उघड लिहू लागला. प्लासीला अजून सत्तर वर्षं होती. पुढच्या इंग्रज इतिहासकारांनी याला दूरदृष्टी म्हटलं. माझ्या मते ती हिशेबातली घोडचूक होती. सत्तर वर्षांनी परिस्थिती बदलली म्हणून चूक शहाणपण ठरत नाही.

कारण समोर कोण होतं? बंगालमध्ये सुभेदार शाहिस्तेखान. लाल महालात बोटं गमावलेला तोच शाहिस्तेखान, आता म्हातारा झालेला, पण बंगालचा धनी. जकातीवरून त्याच्याशी बिनसलं आणि १६८६ मध्ये कंपनीने लढाऊ जहाजं आणि थोडी पायदळ फौज पाठवून मोगल बादशाहीविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं. बंगालमध्ये इंग्रजांना हुगळी सोडून चिखलाच्या बेटांवर तापाने मरावं लागलं. पश्चिमेला जॉन चाइल्डने मोगलांची जहाजं धरायला सुरुवात केली. त्यात जंजिऱ्याच्या सिद्दीसाठी धान्य नेणारी जहाजंही होती.

सिद्दी याकूतखानाने फार वाट पाहिली नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये रात्री त्याची माणसं शिवडीला उतरली. माझगाव पडलं, माहीम पडलं. डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढल्या आणि त्यांचे गोळे इंग्रजांच्या किल्ल्यात पडू लागले. हे महिने कोणते होते ते पाहा. १ फेब्रुवारीला संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. ११ मार्चला औरंगजेबाने त्यांची हत्या केली. वर्ष संपायच्या आत रायगड पडला. बादशहा आपल्या सगळ्या बळानिशी याच मुलखात बसला होता आणि विजयाच्या भरात होता. लेडनहॉल स्ट्रीटवरून युद्धाची योजना करणाऱ्याला हे दिसणं शक्य नव्हतं.

इंग्रजांचे दोन वकील, जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो, औरंगजेबापुढे गेले. हात बांधलेले, लोटांगण घातलेलं, असं त्या वेळी मुंबईत असलेला कॅप्टन हॅमिल्टन सांगतो. हॅमिल्टनला कंपनीचा राग होता, तेव्हा त्याच्या लिखाणात मीठमसाला असणारच. पण शरणागती पुरी होती यात शंका नाही. बादशहाने दीड लाख रुपये दंड घेतला, व्यापाराची परवानगी परत दिली आणि चाइल्डला हाकलून लावा अशी अट घातली. फर्मान निघालं त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारी १६९० ला, जॉन चाइल्ड मुंबईत मेला. सिद्दीने जूनमध्ये वेढा उठवला आणि जाताना माझगावचा किल्ला जाळला. बंगालमध्ये त्याच ऑगस्टात कंपनीचा कारभारी जॉब चार्नक हुगळीच्या काठी परत उतरला आणि कलकत्त्याची सुरुवात झाली. हरलेल्या युद्धातून एवढंच हाती लागलं, आणि तेही जोसायाने ठरवलेलं नव्हतं.

जोसायाचं स्वतःचं काय बिघडलं? काही नाही. मुंबई उजाड झाली, शिपाई मेले, रयतेची घरं जळली. वॉनस्टेडच्या तळ्यांत पाणी तेवढंच राहिलं. पुढे नव्या राजाच्या काळात कंपनीची सनद धोक्यात आली तेव्हा लाचेचे पाट वाहिले. एकट्या १६९३ मध्ये ‘विशेष सेवे’च्या नावाखाली ८०,००० पौंडांहून जास्त खर्च पडला होता. १६९५ मध्ये पार्लमेंटने चौकशी केली, गव्हर्नर सर टॉमस कुक टॉवरच्या तुरुंगात गेला. जोसाया तोवर पदावर नव्हता. बोट बहुतेकांनी त्याच्याकडे दाखवलं, हात मात्र कुणी घातला नाही. २२ जून १६९९ ला तो मेला. वॉनस्टेडच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. अंगावर रोमन सेनानीचा पोशाख आणि डोक्यावर सतराव्या शतकातला कुरळ्या केसांचा भलामोठा टोप. दगडात कोरलेला असा विनोद क्वचित बघायला मिळतो.

सात पिढ्या बसून खातील एवढं आपण म्हणतो, तेवढं त्याने ठेवलं होतं. बसून खायला दुसऱ्या पिढीपासूनच सुरुवात झाली. थोरला मुलगा १७०४ मध्ये निपुत्रिक वारला आणि सगळं एमाच्या मुलाकडे, रिचर्डकडे आलं. त्याला कंपनीत, जहाजांत, व्याजाच्या दरात काडीचा रस नव्हता. त्याला हवा होता मान. १७१८ मध्ये तो व्हायकाउंट कॅसलमेन झाला आणि १७३१ मध्ये अर्ल टिलनी. दोन्ही पदव्या आयर्लंडच्या. आयरिश सरदाराला इंग्लंडच्या लॉर्ड्सच्या सभेत जागा नसे, पण कॉमन्समध्ये निवडून येता येई, म्हणजे मानही राही आणि मतही. टिलनी हे नाव बायकोच्या नात्यातून आलेल्या मालमत्तेबरोबर आलं. कायदा करून घेऊन कुटुंबाने चाइल्ड हे आडनावच टाकून दिलं. ज्या नावाने पैसा मिळवला, ते नाव पैशामागे दोन पिढ्याही टिकलं नाही.

पण रिचर्डने एक गोष्ट केली. १७१५ पासून त्याने बापाचा जुना वाडा पाडून नवा बांधायला घेतला. वास्तुकार कोलन कॅम्बेल. दर्शनी बाजू २६० फूट लांब, मध्ये सहा उंच खांबांवर उभा देवळासारखा मंडप, वर त्रिकोणी शिखर, आत चित्रकार विल्यम केंटची छतं. इटलीतल्या पलाडिओच्या धर्तीवरची ही पद्धत इंग्लंडात नवीन होती. पुढची पन्नास वर्षं इंग्रज जमीनदार ज्या नमुन्यावर घरं बांधत राहिले, त्यातलं हे अगदी सुरुवातीचं आणि सर्वांत मोठं. बागेसकट ३,६०,००० पौंड लागले असं म्हटलं जाई. विल्यम होगार्थने या घरातल्या मेजवानीचं चित्र काढलं आहे, ते आता फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. पत्ते खेळणारी, चहा पिणारी, रेशमात गुंडाळलेली माणसं. कुणाच्याही चेहऱ्यावर बिअरच्या पिंपांची किंवा मसाल्याच्या गोदामाची आठवण नाही.

पुढची पिढी लवकर सांगून होते. रिचर्डचा मुलगा जॉन, दुसरा अर्ल, अविवाहित. त्याचं पुरुषांवर प्रेम होतं अशी बोलवा उठली, आणि त्या काळच्या इंग्लंडात याची शिक्षा फाशीपर्यंत जाई. तो इटलीत जाऊन राहिला आणि १७८४ मध्ये नेपल्समध्ये मेला. अर्लपद संपलं. मालमत्ता बहीण एमाच्या मुलाकडे, विल्टशरच्या सर जेम्स लाँगकडे गेली. त्यानेही आडनावाला टिलनी जोडलं. तो १७९४ मध्ये वारला. मागे तीन मुली आणि एक तान्हा मुलगा. तो मुलगा १८०५ मध्ये, मिशा फुटायच्या कितीतरी आधी गेला, आणि सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या, कॅथरिनच्या पदरात पडलं.

वर्षाला ४०,००० पौंड खंड येणारी मुलगी. वॉनस्टेडचा वाडा तोवर फ्रान्समधून पळून आलेल्या काँडेच्या प्रिन्सला भाड्याने दिलेला होता. १८११ मध्ये खुद्द राजाचा मुलगा, क्लॅरेन्सचा ड्यूक, तिच्या मागे लागला. पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर आला तोच हा. दहा मुलांचा बाप आणि कर्जबाजारी. तिने नकार दिला. १४ मार्च १८१२ ला तिने लग्न केलं ते विल्यम वेलस्ली-पोलशी. लग्नाआधीच त्याने स्वतःचं नाव विल्यम पोल-टिलनी-लाँग-वेलस्ली असं करून घेतलं आणि लंडनच्या विडंबनकारांची सोय झाली.

वेलस्ली हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. नवरदेवाचा एक काका म्हणजे वसईच्या तहाने पेशव्यांना तैनाती फौज स्वीकारायला लावणारा गव्हर्नर जनरल. दुसरा काका आर्थर, म्हणजे १८०३ मध्ये अहमदनगर, असई, आडगाव आणि गाविलगड जिंकणारा, पुढचा वेलिंग्टनचा ड्यूक. जोसायाने ज्या राज्याचं नुसतं चित्र रंगवलं ते या काकांनी मिळवलं, आणि जोसायाने जे मिळवलं ते या पुतण्याने उडवलं.

कसं उडवलं? त्या काळचा इंग्रज कायदा असा की लग्नानंतर बायकोचं जवळजवळ सगळं नवऱ्याच्या ताब्यात. जमीन मात्र लग्नाच्या करारांनी बांधलेली होती. तिचं उत्पन्न त्याने हयातभर खावं, पण विकू नये. मग त्याने उत्पन्नावर कर्ज काढलं. शिकारी, घोडे, विल्टशरची निवडणूक, आणि १८१४ च्या जूनअखेरीस नेपोलियनच्या पाडावाची वॉनस्टेडला दिलेली प्रचंड मेजवानी. सावकारांपासून अटक टळावी म्हणून त्याने राजाच्या दरबारात एक मानाची जागा मिळवली; तीही पुरेना तेव्हा १८२२ मध्ये देश सोडून पळाला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिलाव सुरू झाला. तो बत्तीस दिवस चालला. नुसती यादीच शेकडो पानांची, आणि ती विकत घ्यावी लागे. हौशी लोक लंडनहून गाड्या करून येत, खोल्या-खोल्यांतून फिरत. गालिचे, आरसे, पलंग, पुतळे, पुस्तकं, चांदी, स्वयंपाकघरातली भांडी. सुमारे ४१,००० पौंड आले. देण्याच्या मानाने ते काहीच नव्हते. जमीन विकता येत नव्हती, पण जमिनीवरचे दगड विकता येत होते. वाडा पाडून माल उचलून न्यायच्या बोलीवर १०,००० पौंडांना गेला. सहा खांब, जिने, शेकोट्या, फरश्या, शिसं सुटंसुटं करून विकलं. जोसायाने ही जागा घेतल्याला तेव्हा दीडशे वर्षं झाली होती.

कॅथरिन नवऱ्याबरोबर परदेशात होती. त्याने नेपल्समध्ये एका कॅप्टनच्या बायकोशी संबंध जोडला आणि पुढे तिला घरातही आणलं. १८२४ मध्ये कॅथरिन तीन मुलांना घेऊन इंग्लंडला परतली आणि १२ सप्टेंबर १८२५ ला, पस्तिसाव्या वर्षी मेली. मुलांना त्याच्या हाती लागू देऊ नका, असं तिने बहिणींना बजावलं होतं. बापाने मुलांचा ताबा मागितला. तेव्हाच्या इंग्लंडात मुलावर हक्क बापाचा, आईचा नव्हेच. बापाला नाही म्हणायचं तर काहीतरी भयंकर सिद्ध व्हावं लागे. दहाच वर्षांपूर्वी कवी शेलीची मुलं त्याच्या नास्तिकपणामुळे काढून घेतली होती. इथे बापाची पत्रं आणि नोकरांच्या साक्षी वाचल्या गेल्या. तो लहान पोरांना शिव्या शिकवत असे हेही निघालं. १८२७ मध्ये लॉर्ड चॅन्सलर एल्डनने ताबा नाकारला आणि पुढच्या वर्षी लॉर्ड्सच्या सभेने तोच निर्णय कायम केला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘वेलस्ली विरुद्ध ब्युफोर्टचा ड्यूक’ या नावाने नोंदला आहे. मुलांच्या बाजूने उभा असलेला हा ड्यूक रेबेका चाइल्डच्या थेट वंशातला. जोसायाने १६८२ मध्ये मोजलेल्या हुंड्याचं एवढं व्याज मात्र त्याच्या खापरपणतीच्या मुलांना मिळालं.

१८३१ मध्ये वेलस्लीने मुलगी व्हिक्टोरिया हिला पळवून नेलं आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेला. १८४५ मध्ये बापामागे मॉर्निंग्टनचा अर्ल झाला, पण तेव्हा त्याच्याकडे पदवीशिवाय काही नव्हतं. चुलतभाऊ, दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, देत असलेल्या आठवड्याच्या पैशांवर तो लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहिला आणि १८५७ मध्ये तिथेच मेला. मुलगे १८५१ आणि १८६३ मध्ये गेले, दोघेही निपुत्रिक. धाकट्याला काही नव्हतंच. थोरल्याने उरलेल्या जमिनी बहिणीला न देता बापाच्या नात्यातल्या कौलीच्या अर्लला लिहून दिल्या. व्हिक्टोरियाने लग्न केलं नाही. ती १८९७ मध्ये वारली आणि कॅथरिनचा वंश संपला.

लंडनला गेलात तर सेंट्रल लाइनने वॉनस्टेडला उतरा. कौलीच्या अर्लकडून शहराच्या कॉर्पोरेशनने बागेचा मोठा भाग १८८० मध्ये घेतला आणि १८८२ मध्ये लोकांना खुला केला. जोसायाच्या तळ्यांच्या परिसरात आता लोक कुत्री फिरवतात. वाडा होता तिथे गोल्फचं मैदान आहे आणि तळघराच्या जागी गवताने भरलेला एक खोल खड्डा. ओव्हर्टन ड्राइव्हच्या तोंडाशी फाटकाचे दोन दगडी खांब उभे आहेत. त्यांवर रिचर्ड चाइल्डची आद्याक्षरं वेलबुट्टीत गुंफलेली आहेत. जरा थांबून पाहिलं तर अजून वाचता येतात.